कॉलेजच्या आवाराचा इतिहास लिहायचाय? सावलीपासून सुरुवात करा

दुपारी बाराच्या सुमाराला आवारात जाऊन उभे राहा. एप्रिलमध्ये जमलं तर उत्तमच. विदर्भातल्या उन्हात पोट्टे जिथे जाऊन टेकतात तो आजचा कट्टा. आज तो तिथेच का आहे, हे कागदावर लिहा. तुमच्या कामाचं पहिलं पान झालं.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेजात ग्रंथपाल होते. गाव शकुंतलेच्या, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ या छोट्या रेल्वेगाडीच्या, रुळावरचं आणि कॉलेज साठच्या दशकातलं. निवृत्तीनंतर काही माजी विद्यार्थी आणि एन.एस.एस.ची (राष्ट्रीय सेवा योजनेची) मुलं हाताशी घेऊन आवाराचा दशकवार नकाशा केला. आता आजूबाजूच्या तालुक्यांतून विचारणा होते, "मॅडम, आमच्या कॉलेजचंही करायचंय, कसं करू?" म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मनापासून वाटतं की हे काम प्रत्येक तालुक्यात व्हावं, आणि लवकर व्हावं. पहिल्या बॅचची माणसं आता पंच्याहत्तरी-ऐंशीत आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. इमारतींचे कागद कुठे ना कुठे सापडतात. बसायच्या जागांचा कागद कुठेच नसतो. आणि बसायच्या जागा उगाच हलत नाहीत. सावली, पाणी आणि घरी जायची गाडी, या तिघांपैकी काहीतरी हललं की त्याही हलतात. म्हणून नुसतं "इथे कट्टा होता" असं लिहून थांबू नका. तो का होता आणि का उठला, ते शोधा.

आधी एक मोकळा नकाशा

कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो उघडा, आवार शोधा आणि त्याचं चित्र मोठ्या कागदावर छापून घ्या. त्यात घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारली की जुनी उपग्रह-चित्रंही दिसतात. आपल्या भागाची स्पष्ट चित्रं साधारण गेल्या वीसेक वर्षांतलीच मिळतात, पण तेवढ्यातही नवी इमारत कुठल्या दोन चित्रांच्या मध्ये उगवली ते कळतं. मग क्रीडा विभागाचा लांब टेप मागून घ्या आणि मुलांकडून मुख्य अंतरं मोजून घ्या. एक सेंटिमीटरला पाच मीटर हे प्रमाण बरं पडतं. या नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक दशकाला वेगळा. एकावर एक ठेवून उजेडात धरले की पन्नास वर्षं एकदम दिसतात.

जमिनीचे कागद काढताना आपल्याकडच्या पद्धती लक्षात ठेवा. वऱ्हाडात बऱ्याच संस्थांना ई-क्लासची, म्हणजे सरकारी गुरचराईची, जमीन मिळालेली असते, काहींना एखाद्या शेतकऱ्यानं दान दिलेली असते, आणि गावठाणालगतची असेल तर ती नझूलमध्ये, म्हणजे गावातल्या सरकारी जमिनीत, निघते. तलाठ्याकडे सातबारा आणि जुने फेरफार मिळतात, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या नकाशाची प्रत, तिला क प्रत म्हणतात. फेरफारावरची तारीख महत्त्वाची. आवार एकदम आलं की तुकड्यातुकड्यानं, ते तिथेच कळतं. आमच्याकडे मैदानाचा पट्टा नंतर आलेला निघाला, आणि जुनी विहीर आवाराच्या कडेला का आहे याचा उलगडा झाला. ती मुळात शेतातली विहीर होती.

इमारतींचं वय

कॉलेजच्या कार्यालयात संस्थेची इतिवृत्तं, जडवस्तू नोंदवही (कपाटं, बाकं अशा सामानाची), बांधकामाची मोजमाप पुस्तिका आणि विद्यापीठाच्या संलग्नीकरण समितीचे अहवाल असतात. आता त्यात नॅक या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी केलेले स्वयंमूल्यमापन अहवाल जमा झाले आहेत, त्यांत आवाराचे नकाशे सापडतात. नॅक 1994 मध्ये स्थापन झाली, त्यामुळे हे अहवाल त्याआधीचे नसणार. कार्यालयात आधी बसा, बोला, काय शोधताय ते सांगा. माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो, पण मोठ्या बाबूंना कामात गोडी लागली तर ते स्वतःच कपाट उघडून देतात.

काही तारखा बाहेरून ठाऊक असल्या की कागद वाचायला सोपे जातात. नागपूर विद्यापीठ 1923 चं. अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 ला झालं. म्हणून वऱ्हाडातल्या कॉलेजच्या पाटीवर, शिक्क्यावर, पुस्तकाच्या पहिल्या पानावर "नागपूर विद्यापीठ" असेल तर वस्तू त्याआधीची. गडचिरोली-चंद्रपूरकडे गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये आलं, तिथे ही खूण अलीकडची आहे. आमच्या ग्रंथालयातल्या एका लोखंडी कपाटाचं वय आम्ही असंच ठरवलं.

दुसरी मोठी खूण 10+2+3 ची. 1975 ला दहावीची पहिली परीक्षा झाली, 1977 ला बारावीची. अकरावी-बारावीचे वर्ग कॉलेजांना जोडले गेले आणि खोल्या अपुऱ्या पडल्या. तुमच्या आवारात मुख्य इमारतीपासून फटकून उभी असलेली, टिनाच्या किंवा सिमेंटच्या पत्र्याची, एका ओळीत चार-पाच खोल्यांची इमारत असेल आणि तिला अजून "ज्युनिअर" म्हणत असतील, तर तिचे कागद या वर्षांच्या आसपास शोधा. नंतरची लाट अनुदानाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातल्या 2(फ) आणि 12(ब) या कलमांखाली नोंद झालेल्या कॉलेजांना आयोगाचा पैसा मिळू लागला. ग्रंथालयाची इमारत, मुलींचं वसतिगृह, इनडोअर हॉल बहुधा त्यातले. 12(ब) चं पत्र कधी आलं ते विचारा.

कागद नसेल तर भिंत वाचा. मंगलोरी कौल उलटं करून पाहिलं तर पाठीवर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. जुन्या गर्डरवरही तसंच. वायरिंग लाकडी पट्टीवर आहे की प्लॅस्टिकच्या पट्टीत, स्विच काळे गोल आहेत की पांढरे चपटे, फरशी शहाबादी, मोझेक, कोटा की चकचकीत टाइल, यावरून खोल्यांचा क्रम लागतो. पण एक सावधगिरी ठेवा. दुरुस्तीत फरशी बदलते, भिंतीची जाडी बदलत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत टेप लावून जाडी मोजा.

आणि कोनशिला कुठल्या बाजूला आहे ते पाहाच. आमची कोनशिला आज सायकलींच्या मागे, कुणी फिरकत नाही अशा भिंतीत आहे. तिच्यासमोर झिजलेल्या चार रुंद पायऱ्या आहेत, मधोमध खोलगट झालेल्या. एवढ्या रुंद पायऱ्या मागच्या दाराला कोण बांधतं? बाजूला उभं राहून समोर पाहिलं तर थेट स्टेशनची दिशा. कॉलेजचं तोंडच मुळी रुळाकडे होतं. पुढे हायवे वाढला, एस.टी. वाढली, फाटक रस्त्याकडे आलं आणि दर्शनी बाजू मागची झाली. आजच्या मुलांना ही पाठ वाटते. या एका गोष्टीनं आम्हाला पहिल्या तीन दशकांतले आवारातले सगळे कट्टे सापडले, कारण ते सगळे त्या पायऱ्या आणि स्टेशन यांच्यामध्ये होते.

झाडांना विसरू नका

झाडं लिहिलेल्या तारखांइतकीच उपयोगाची. राज्यात सामाजिक वनीकरण विभाग 1982 मध्ये सुरू झाला आणि त्या दशकात सुबाभूळ, निलगिरी भरपूर लागली. कुंपणाला सुबाभळीची रांग दिसली तर चौकशी तिथून करा. 1 जुलै 2016 ला राज्यभर 2 कोटी झाडं लावायची मोहीम झाली, पुढची काही वर्षं ती वाढत गेली. त्या काळातल्या ओळी मैदानाच्या कडेला दिसतील. पण कट्टा जवळजवळ नेहमी त्याआधीच्या कडुनिंबाखाली असतो. कडुनिंब कुणी लावला ते शोधाच. आमच्याकडे एका निवृत्त शिपाईकाकांनी हात लावून सांगितलं, "म्याडम, हे झाड म्या जगवलं. विहिरीतून बादली आणाचो अन् इथी ओताचो." त्यांच्यासोबत झाडापासून विहिरीपर्यंतचं अंतर मोजलं. तेवढ्या लांबून त्यांनी उन्हाळाभर पाणी वाहिलं होतं. नकाशात त्या झाडाशेजारी काकांचं नाव लिहिलं आहे.

एन.एस.एस. 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली. तिच्या शिबिरांच्या नोंदवह्या कॉलेजात असतात. खड्डे, पार, पाणवठे, मैदानाचं सपाटीकरण यांची नोंद बांधकामाच्या फायलीत नसते, तिथे असते.

बसायच्या जागा

आता खरं काम.

माजी विद्यार्थ्यांना "तुमच्या वेळी कट्टा कुठे होता?" असं विचारलं तर बहुतेक जण आज ऐकलेलं उत्तर देतात. त्याऐवजी विचारा, "तास सुटला की पाय कुठे जायचे? तहान लागली तर पाणी कुठे प्यायचे? शेवटची गाडी कितीची?" आणि शक्य असेल तर खुर्चीत बसवून बोलू नका, त्यांना आवारात घेऊन चाला. जुन्या पायऱ्यांपाशी आले की माणूस आपोआप थांबतो. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, आधी परवानगी घ्या, आणि सुरुवातीलाच तारीख, गाव आणि कुठल्या वर्षांत शिकले ते त्यांच्याच आवाजात येऊ द्या.

आमच्याकडे निघालेली साखळी अशी. सुरुवातीला विहिरीचा कठडा. नळ नव्हता, पाणी तिथेच, जवळ कडुनिंब. मग स्टेशनकडच्या पायऱ्या. मूर्तिजापूर-यवतमाळ शकुंतलेनं येणारी मुलं गाडीची वाट पाहत तिथे बसायची आणि गाडी उशिरा आली की कट्टा लांबायचा. त्याच काळात एस.टी. स्टँडवर दुसरा कट्टा होता, त्याला वेळ ठरलेली होती. खेड्यांतून डबे सकाळच्या गाडीनं यायचे. भाड्यानं खोली घेऊन राहणारी पोरं गाडीच्या टपाकडे डोळे लावून उभी असायची. डबा म्हणजे फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी, झुणका किंवा वरण, आणि डब्याच्या झाकणावर ऑइलपेंटनं काढलेलं नाव नि गाव. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानं त्याचा डबा अजून ठेवला आहे. रंग खरवडला गेलाय, गावाची पहिली दोन अक्षरं वाचता येतात, मागे भोक पडून बुजवलेलं आहे. तो डबा आम्ही नकाशाशेजारी ठेवला. त्यांनी सांगितलं की भाकर उन्हानं वातड झाली तर पाण्याचा हात लावून स्टँडवरच्या हॉटेलच्या भट्टीवर गरम करून मिळायची, आणि त्या बदल्यात तिथे चहा घ्यायचा. हॉटेल तिथे का चाललं, याचं उत्तर या एका वाक्यात आहे.

नंतर रस्त्याकडे फाटक झालं आणि टपऱ्या तिकडे गेल्या. चहावाल्याला मुलाखतीत मान द्या, प्राध्यापकाइतकाच. आमचे चहावाले भाऊ म्हणाले, "भिंत आली तं मी ठेला पल्याड नेला. पोट्टे मांगं मांगं आले." कुठल्या भिंतीच्या आधी आपला ठेला कुठे होता, हे त्यांना क्रमानं पाठ होतं. पानठेला, रसवंती, आलुबोंड्याची गाडी, सायकल दुरुस्तीवाला, एस.टी.डी. बूथ, झेरॉक्स, सायबर कॅफे, रिचार्जचं दुकान, यांची ओळ लावा. एकाच गाळ्यात एकामागून एक हे धंदे आलेले दिसतील. आमच्याकडे बूथचा गाळा झेरॉक्सचा झाला, झेरॉक्सवाल्यानं नेट घेतलं आणि आता तिथे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतात. मुलं अजूनही त्याच पायरीवर बसून आपला नंबर यायची वाट पाहतात.

दुचाक्या वाढल्या की कट्टा पार्किंगला गेला. गाडीवर बसता येतं, झाडाच्या पाराची गरज उरत नाही. नवी इमारत झाली तिला व्हरांडा नाही, गॅलरी आत आहे. स्लॅबखाली एप्रिलमध्ये बसवत नाही, कूलर असलेली खोली म्हणजे ग्रंथालय. त्यामुळे उन्हाळ्यात ग्रंथालयात गर्दी व्हायची आणि मला ती हवीच असायची. जुन्या कौलारू इमारतीचं छत उंच, भोवती रुंद व्हरांडा. तिथे बाहेरच्या बाहेर पन्नास मुलं सावलीत उभी राहायची. व्हरांडा काढला की तेवढी माणसं रस्त्यावर येतात. नवी इमारत बांधणाऱ्यांनी हे नकाशे आधी पाहायला हवेत, असं माझं ठाम मत आहे.

मुलींना वेगळं विचारा

हे केलं नाही तर तुमचा नकाशा अर्धाच. आमच्या मुलग्यांच्या आठवणीत पाणी, पायऱ्या, टपरी. मुलींच्या आठवणीत ते जवळजवळ नाहीच. साठ-सत्तरच्या दशकात शिकलेल्या बायका सांगतात, लेडीज रूममध्ये थांबायचं, सर वर्गात निघाले की त्यांच्यामागून जायचं, तास संपला की मागोमाग परत. त्यांच्या नकाशात एक खोली आणि एक वाट आहे. त्या खोलीची खिडकी कुठे उघडायची ते विचारा, त्यांनी आवार तिथून पाहिलं आहे. पुढच्यांच्या नकाशात ग्रंथालयाचं कोपऱ्यातलं टेबल येतं, मग मुलींचा सायकल स्टँड. मानव विकास योजनेतल्या मुलींसाठीच्या निळ्या बस सुरू झाल्यापासून अकरावी-बारावीच्या मुलींची बसायची जागा बसच्या वेळेनं ठरते. या माजी विद्यार्थिनींशी मुलींनीच बोलावं आणि गावात असतील तर घरी जाऊन. सुना-नातवंडांसमोर त्या भरभरून बोलतात, मुलग्यांच्या घोळक्यात बोलत नाहीत.

ग्रुप फोटो

स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो दरवर्षी त्याच पायऱ्यांवर काढतात. जमतील तितके गोळा करा, क्रमानं मांडा आणि चेहऱ्यांवर बोट ठेवून मागचं पाहा. खांबाचा रंग, मागची कौलं, विजेचा खांब, वर चढलेली वेल, कडेला डोकावणारा दुसरा मजला. कडुनिंबाचा बुंधा एका फोटोत हाताएवढा, दुसऱ्यात कवेत मावणार नाही एवढा. ज्या वर्षापासून फोटो वेगळ्या पायऱ्यांवर काढलेले दिसतील, त्या सुमाराला दर्शनी बाजू बदलली. फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करा, कागद 300 चालतात. मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलनं. मूळ फोटो मालकाला त्याच दिवशी परत द्या, नाहीतर दुसरा कुणी देणार नाही.

दोन माणसं एकाच गोष्टीची दोन वर्षं सांगतील. मतदान घेऊ नका. एखादी सगळ्यांना ठाऊक असलेली घटना मध्ये ठेवा. तुकडोजी महाराज गेले तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर 1968 मध्ये, छपरावर पत्रे होते का? 1983 चा वर्ल्ड कप कुठे ऐकला? इंदिराजींची बातमी आली तेव्हा, 31 ऑक्टोबर 1984 ला, कुठे बसला होता? मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार 14 जानेवारी 1994 ला झाला तेव्हा मुलं कुठे जमली? शकुंतलेचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं ते एप्रिल 1994 मध्ये. तेव्हा ती टपरी स्टेशनकडे होती की फाटकाकडे? माणूस वर्ष विसरतो, पण त्या दिवशी कुठे उभा होता ते सांगतो. तरीही जुळलं नाही तर दोन्ही लिहा, कोण काय म्हणाले त्या नावांसकट.

जमा झालेल्या साहित्याला ग्रंथालयात दाखल क्रमांक द्या. पुढारी बदलतात, प्राचार्य बदलतात, दाखल नोंदवही राहते. मूळ कागद भिंतीपासून सुटलेल्या लोखंडी रॅकवर ठेवा, आपल्याकडे उधई (वाळवी) भिंतीतून येते. रेकॉर्डिंगच्या दोन प्रती, त्यांतली एक कॉलेजबाहेर. 2016 च्या विद्यापीठ कायद्यानं प्रत्येक कॉलेजात महाविद्यालय विकास समिती आली आहे, त्या समितीच्या एका बैठकीत या साहित्याचा ठराव घ्या, म्हणजे खोली बदलताना कुणी ते भंगारात काढणार नाही.

शेवटचा ट्रेसिंग पेपर चालू वर्षाचा असू द्या, आणि तो आत्ताच करा. आमच्या मैदानावर पहाटे अंधारात पोलीस भरतीची पोरं-पोरी धावतात. मुलांचे 1600 मीटर, मुलींचे 800. फक्कीनं आखलेली रेघ, गोळाफेकीचं वर्तुळ, कंपाउंडला टेकवलेल्या बॅगा, आणि एक काका तिथे पाच वाजता चहाची किटली घेऊन येतात. दहा वाजता कॉलेज भरतं तोवर सगळं पुसलेलं असतं. त्यासाठी एक दिवस पहाटे जा, कोण कुठल्या गावाहून किती वाजता निघतं ते लिहा, किटलीची जागा नकाशात टाका, चहाचा भाव लिहा आणि खाली तारीख घाला.